बसमधल्या जागेची कहाणी

आपल्या मंडळाची सहल निघाली की पहिला तंटा होतो तो खिडकीजवळच्या जागेवरून. कोणी पहाटेच येऊन रुमाल टाकून ठेवते, कोणी पिशवी ठेवते. कोणाला मागे बसले की मळमळते, तर कोणाला पुढे ऊन लागते. शेवटी अध्यक्षबाई आवाज चढवतात, सर्वजणी हसतात आणि गाडी सुटते. भजन सुरू झाले की कोण कोठे बसले आहे हे कोणाच्या ध्यानातही राहत नाही.

बसमधली जागा ही खरोखर एवढीशी वस्तू आहे. दोन-चार तासांपुरती आपली, उतरलो की दुसऱ्याची. पण याच जागेसाठी अमेरिकेसारख्या श्रीमंत देशात बायकांना तुरुंगात जावे लागले, लोकांनी मार खाल्ला आणि एकदा तर उतारूंनी भरलेली गाडी पेटवून देण्यात आली. माझी मुलगी कॉलेजात इतिहास शिकते. तिने एका संध्याकाळी भाजी निवडता निवडता मला ही हकीकत सांगितली, आणि मग मी तिच्याकडून व वाचनालयातून मिळेल ते घेऊन वाचत राहिले. मी काही लेखिका नव्हे. पण ही हकीकत आपल्या मैत्रिणींना सांगावी असे फार वाटले, म्हणून स्मरणिकेच्या निमित्ताने हे चार शब्द लिहिते.

आधी तिकडच्या बसगाड्यांविषयी थोडे सांगितले पाहिजे. आपली एस. टी. सुरू झाली १ जून १९४८ रोजी, पुणे ते अहमदनगर. अमेरिकेत हा धंदा त्याआधी बराच जुना. १९१४ साली मिनेसोटा राज्यातील हिबिंग या गावी कार्ल विकमन नावाच्या स्वीडनहून आलेल्या माणसाने खाणीत काम करणाऱ्या मजुरांना आपल्या मोटारीतून १५ सेंट घेऊन नेण्या-आणण्यास सुरुवात केली. त्या एका मोटारीतून पुढे ‘ग्रेहाउंड’ ही प्रचंड कंपनी उभी राहिली. ग्रेहाउंड म्हणजे लांब पायांचा, वाऱ्यासारखा पळणारा शिकारी कुत्रा. त्याचेच चित्र गाडीवर असे. ज्यांच्याकडे स्वतःची मोटार नाही अशी साधी माणसे या गाड्यांतून शेकडो मैलांचा प्रवास करीत. कोणी नोकरीच्या शोधात, कोणी सैन्यात भरती व्हायला, कोणी माहेरी.

अमेरिकेत गुलामगिरी कायद्याने संपली ती १८६५ साली. पण दक्षिणेकडील राज्यांनी पुढे असे कायदे केले की गोऱ्यांनी व काळ्यांनी एकत्र बसू नये, एकत्र जेवू नये, एका नळाचे पाणी पिऊ नये. बसमध्ये गोऱ्यांनी पुढून बसत यायचे आणि काळ्यांनी मागून. दोघांनी एका बाकावर शेजारी बसायचे नाही. ही सीमा ठरलेलीही नसे. गोरे उतारू वाढले की ड्रायव्हर मागे वळून सांगे, ‘उठा, आणखी मागे सरका.’ मागे जागा नसली तर उभे राहायचे. तिकिटाचे पैसे मात्र सारखेच.

गाडीबाहेरचे हाल निराळे. स्टँडवर बसण्याच्या खोल्या दोन, पाण्याचे नळ दोन, शौचगृहे वेगळी. काही ठिकाणी काळ्या बायकांसाठी शौचगृहच नसे. उपाहारगृहात त्यांना बसू देत नसत. मागच्या खिडकीतून काही मिळाले तर घ्यायचे. म्हणून त्या बाया घरूनच बुटांच्या रिकाम्या खोक्यात तळलेली कोंबडी, उकडलेली अंडी, पाव असे बांधून घेत. आपणही प्रवासाला दशम्या, चटणी बांधून घेतो. पण ती आवडीने आणि चार पैसे वाचावेत म्हणून. मूल बरोबर असताना, पुढच्या गावी त्याला पाणी तरी मिळेल की नाही ही धास्ती घेऊन शिदोरी बांधणे ही वेगळीच गोष्ट आहे.

आता मुख्य गोष्टीकडे येते. १६ जुलै १९४४ चा दिवस. दुसरे महायुद्ध चालू होते. आयरीन मॉर्गन नावाची २७ वर्षांची काळी बाई व्हर्जिनिया राज्यातील ग्लॉस्टर भागातून बाल्टिमोरला परत निघाली होती. ती दोन मुलांची आई. बाल्टिमोरला लढाऊ विमाने बनवण्याच्या कारखान्यात काम करीत असे. नुकताच तिचा गर्भपात झाला होता, म्हणून विश्रांतीसाठी आईकडे राहून आली होती. त्या दिवसांतला अशक्तपणा आपल्याला काय तो निराळा सांगायला नको.

ग्रेहाउंड गाडीत ती मागच्या बाजूला, काळ्यांसाठी असलेल्या भागातच बसली. शेजारी एक तरुण बाई तान्हे मूल घेऊन बसली होती. सलूडा नावाच्या गावी एक गोरे जोडपे गाडीत चढले. ड्रायव्हरने या दोघींना सांगितले, ‘उठा.’ म्हणजे आयरीनबाईंनी कोणाची जागा बळकावली नव्हती. कायद्याने मागे बसायचे म्हणून त्या मागेच बसल्या होत्या. तरीही उठायचे! आयरीनबाई म्हणाल्या, मी उठणार नाही. शेजारची बाई मूल सावरून उठू लागली, तर तिलाही त्या म्हणाल्या, तू या तान्ह्या लेकराला घेऊन कोठे जाणार? पण ती बिचारी घाबरली आणि उठून मागे गेली.

ड्रायव्हरने गाडी नेली ती थेट तुरुंगापाशी. पोलिसांचा माणूस अटकेचे वॉरंट घेऊन वर आला. आयरीनबाईंनी तो कागद घेतला, फाडला आणि खिडकीबाहेर टाकला. त्याने अंगाला हात लावला, तेव्हा त्यांनी त्याला सणसणीत लाथ मारली. तो कळवळत खाली गेला, दुसरा आला. पुढे त्यांनी स्वतःच सांगितले आहे की त्या दुसऱ्याला चावणारच होते, पण तो इतका मळकट दिसत होता की तोंड लावावेसे वाटेना, म्हणून नखांनी ओरबाडले! हे वाचून मी आणि माझी मुलगी दोघीही हसलो. पण हसू ओसरल्यावर लक्षात आले की ती अशक्त बाई गाडीतून ओढून काढली गेली आणि कोठडीत टाकली गेली. आईने येऊन जामीन भरला तेव्हा सुटका झाली.

खटल्यात दोन आरोप होते. पोलिसाशी झटापट केली हा एक. तो त्यांनी कबूल केला आणि १०० डॉलर दंड भरला. दुसरा आरोप वेगळे बसण्याचा कायदा मोडल्याचा. त्याचा दंड होता अवघा १० डॉलर. व्यवहारी माणूस म्हणेल, शंभर भरले तेथे आणखी दहा टाकून मोकळे व्हावे. पण आयरीनबाईंनी ते १० डॉलर भरण्याचे साफ नाकारले. शंभर डॉलर लाथेचे होते. दहा डॉलर भरणे म्हणजे ‘माझी जागा माझी नव्हती’ असे लिहून देण्यासारखे होते. दहाच्या नोटेसाठी त्या खालच्या कोर्टातून वर, वरून आणखी वर अशा देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या. त्यांच्या बाजूने उभे राहिले विल्यम हेस्टी आणि थर्गुड मार्शल हे दोन काळे वकील. यांपैकी मार्शल १९६७ साली त्याच सर्वोच्च न्यायालयाचे पहिले काळे न्यायाधीश झाले.

३ जून १९४६ रोजी निकाल लागला. सात न्यायाधीश आयरीनबाईंच्या बाजूने, एक विरुद्ध. मात्र काळ्या-गोऱ्यांना वेगळे बसवणे अन्यायाचे आहे असे न्यायालयाने म्हटले नाही. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या गाडीला प्रत्येक राज्याचा निराळा कायदा लावला, तर व्यवहारात अडथळा येतो, एवढ्यावरच निकाल दिला. म्हणजे गाडी राज्याची सीमा ओलांडत असेल तर बसवण्याचा असा कायदा लागू नाही. राज्यातल्या राज्यात फिरणाऱ्या गाडीत सगळे पूर्वीसारखेच. तरी एवढेही थोडे नव्हते.

पण मैत्रिणींनो, कागदावरचा निकाल आणि गाडीतला बाक यांत फार अंतर असते. ड्रायव्हर पूर्वीसारखेच ओरडत राहिले, स्टँडवरच्या पाट्या तशाच राहिल्या. १९४७ च्या एप्रिलमध्ये आठ काळे व आठ गोरे पुरुष निकाल पाळला जातो की नाही हे पाहण्यासाठी मुद्दाम अशा गाड्यांतून हिंडले. गोरा मागे बसे, काळा पुढे. त्यांना ठिकठिकाणी अटक झाली. त्यांतील बेयर्ड रस्टिन यांनी नॉर्थ कॅरोलायनात २२ दिवस कैद्यांच्या टोळीत सक्तमजुरी केली. या प्रवासात बायकांना घेतले नव्हते. बाईने लढलेल्या निकालाची परीक्षा पाहायला बाई नको, हे वाचून मला जरा गंमतच वाटली.

बायकांवाचून मात्र काही अडले नाही, कारण त्या आपल्या रोजच्या प्रवासातच होत्या. १ ऑगस्ट १९५२ रोजी सारा कीज नावाची तरुण मुलगी लष्करातून रजा घेऊन नॉर्थ कॅरोलायनातील आपल्या गावी निघाली होती. अंगावर सैन्याच्या स्त्री-विभागाचा गणवेश. मध्यरात्र उलटून गेल्यावर रोनोक रॅपिड्स या गावी ड्रायव्हर बदलला. नव्या ड्रायव्हरने तिला मागे जाऊन बसायला सांगितले. ती म्हणाली, मी येथे ठीक आहे. तेव्हा त्याने काय करावे? बाकीचे सर्व उतारू दुसऱ्या गाडीत घातले आणि हिला तेवढे चढू दिले नाही! परक्या गावी, अपरात्री, एकटी मुलगी. तिने विचारपूस केली तर पोलिसांनी तिलाच कोठडीत नेले. सकाळपर्यंत ती तेथे होती, वर २५ डॉलर दंड. ज्या देशासाठी तिने गणवेश घातला त्या देशात गणवेशालाही मान मिळाला नाही.

तिचा खटला चालवला डव्ही राउंडट्री या काळ्या वकीलबाईंनी. त्यांना मुलगी सांगते आहे ते काय आहे हे समजायला वेळ लागला नाही, कारण १९४३ साली मायामी येथे त्यांना स्वतःला, सैन्याच्या गणवेशातच, बसमधून उतरवले होते. हा खटला राज्याराज्यांतील वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या आयोगापुढे गेला. नोव्हेंबर १९५५ मध्ये आयोगाने सांगितले की राज्याबाहेर जाणाऱ्या उतारूला वर्णावरून वेगळे बसवणे चूक आहे. पण बजावणी? पुन्हा तीच रडकथा. पुढची सहा वर्षे तो निर्णय कपाटात पडून राहिला.

त्याच सुमारास, १ डिसेंबर १९५५ रोजी, मॉंटगोमेरी शहरात रोझा पार्क्स यांना शहरातल्या बसमध्ये जागा न सोडल्याबद्दल अटक झाली. पुढे ३८१ दिवस तेथील काळ्या लोकांनी बसवर बहिष्कार घातला. ही हकीकत पुष्कळांना ठाऊक आहे, म्हणून तिचा विस्तार करीत नाही. पण तिची बातमी आपल्या नागपूरच्या वर्तमानपत्रात छापून आली होती, आणि ती वाचून एक माणूस आनंदाने उडी मारून उठला, हे मात्र सांगितलेच पाहिजे.

त्यांचे नाव जेम्स लॉसन. लढाईत जाण्यास नकार दिल्यामुळे त्यांनी अमेरिकेत १३ महिने तुरुंगवास भोगला होता. नंतर १९५३ ते १९५६ ही वर्षे ते नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात शिकवायला होते. तेथे मुलांना खेळ शिकवीत आणि गांधीजींच्या सत्याग्रहाचा अभ्यास करीत. मायदेशी परतल्यावर ते नॅशव्हिल या शहरी गेले आणि तेथील विद्यार्थ्यांचे वर्ग घेऊ लागले. कसले वर्ग? तर मार कसा खावा याचे! एकाने शिव्या द्यायच्या, ढकलायचे, आणि दुसऱ्याने हात न उचलता, मान खाली न घालता बसून राहायचे. महात्माजींचा धडा असा नागपूरच्या वाटेने सातासमुद्रापलीकडे गेला. त्या वर्गात डायन नॅश नावाची एक विद्यार्थिनी होती. तिचे नाव लक्षात ठेवा.

आता स्टँडकडे वळू. १९५८ च्या नाताळात ब्रूस बॉयंटन नावाचा कायद्याचा विद्यार्थी बसने घरी चालला होता. रिचमंडच्या स्टँडवर गाडी थांबली, तेव्हा गोऱ्यांच्या उपाहारगृहात बसून त्याने खाण्याचा एक पदार्थ आणि चहा मागितला. लागलीच अटक, दंड १० डॉलर. पुन्हा तोच दहाचा आकडा! तोही सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि ५ डिसेंबर १९६० रोजी निकाल लागला की लांब पल्ल्याच्या उतारूला स्टँडवरच्या उपाहारगृहातही मज्जाव करता येणार नाही.

म्हणजे आता कायदा गाडीतही बाजूचा आणि स्टँडवरही बाजूचा. तरी पाट्या जागच्या हलल्या नाहीत. तेव्हा ४ मे १९६१ रोजी काळे व गोरे मिळून तेरा जण वॉशिंग्टनहून दोन गाड्यांत बसून दक्षिणेकडे निघाले. या वेळी स्त्रियाही होत्या. त्यांना लोक ‘फ्रीडम रायडर्स’ म्हणजे स्वातंत्र्याचे प्रवासी म्हणू लागले. त्यांत ६१ वर्षांचे गोरे निवृत्त प्राध्यापक वॉल्टर बर्गमन आणि त्यांच्या पत्नी फ्रान्सिस असे जोडपेही होते. पेन्शन घेऊन घरी बसायच्या वयात ही दोघे दुसऱ्याच्या जागेसाठी निघाली.

१४ मे, रविवार. तिकडे त्या दिवशी मातृदिन असतो. पहिली गाडी अलाबामा राज्यातील ॲनिस्टन गावी पोचली तेव्हा स्टँडवर जमाव दबा धरून होता. त्यांनी काचा फोडल्या, टायर कापले. गाडी कशीबशी गावाबाहेर पडली, पण काही मैलांवर टायर बसले. पाठलाग करणाऱ्यांनी वेढा घातला. कोणीतरी फुटक्या खिडकीतून पेटता बोळा आत टाकला. आत धूर कोंडला. बाहेर जमावाने दार दाबून धरले. गाडीत साध्या वेशात एक पोलीस अधिकारी होता. त्याने पिस्तूल दाखवल्यावर लोक मागे हटले आणि उतारू खोकत, गुदमरत गवतावर येऊन पडले. तेथेही त्यांना मार बसला. गाडी जळून सांगाडा उरला.

शेजारीच एका गोऱ्या माणसाचे किराणा दुकान होते. त्याची बारा वर्षांची मुलगी, जेनी फोर्सिथ, हे पाहत होती. ती घरातून पाणी आणि पेले घेऊन आली, एकेकाचे तोंड धुतले, पाणी पाजले, पुन्हा गेली, पुन्हा आणले. भोवती तिच्याच गावची चवताळलेली माणसे. पुढे गावाने तिला या पाण्याबद्दल क्षमा केली नाही. पण त्या मातृदिनी ॲनिस्टनमध्ये आईचे काम एका लहान पोरीने केले, असे मला वाटते.

दुसऱ्या गाडीतल्यांना गाडीतच मारले. बर्गमन खाली पडल्यावरही त्यांना लाथा बसत होत्या आणि पत्नीला ते पाहावे लागले. काही दिवसांनी त्यांना पक्षाघात झाला आणि उरलेले आयुष्य चाकांच्या खुर्चीत गेले. ती गाडी बर्मिंगहॅमला पोचली तेथेही जमाव तयार होता; पोलीस मात्र वेळेवर आले नाहीत. शेवटी त्यांना पुढे न्यायला एकही ड्रायव्हर तयार होईना, म्हणून ती मंडळी विमानाने गेली.

सर्वांना वाटले, संपले. पण नॅशव्हिलमध्ये डायन नॅश ही २३ वर्षांची मुलगी म्हणाली, मारामारीने हा प्रवास थांबला असे एकदा झाले, तर पुढे प्रत्येक वेळी मारामारीच करतील. तिने विद्यार्थ्यांची नवी तुकडी तयार केली. सरकारच्या माणसाने फोनवरून बजावले की पोरे मरतील. तिने सांगितले, आम्हांला ठाऊक आहे. काल रात्रीच त्यांनी मृत्युपत्रे लिहिली. कॉलेजच्या मुलांची मृत्युपत्रे! त्यांच्याजवळ देण्यासारखे तरी काय असेल? माझ्या मुलीच्या वयाची ती मुले, हे मनात आले आणि पुस्तक थोडा वेळ मिटून ठेवावे लागले.

१७ मे रोजी दहा जण बर्मिंगहॅमला गेले. पोलिसांनी धरले आणि एका रात्री त्यांतील सात जणांना मोटारीत घालून राज्याच्या सीमेवर अंधारात सोडून दिले. एका वृद्ध काळ्या जोडप्याने दार उघडून आसरा दिला. डायनने मोटार पाठवली, आणि घरी परत येण्याऐवजी ती मुले पुन्हा बर्मिंगहॅमच्या स्टँडवर जाऊन बसली! २० मे रोजी गाडी निघाली. मॉंटगोमेरीची वेस येताच बरोबरचा पोलीस पहारा नाहीसा झाला आणि स्टँडवर काठ्या घेतलेली माणसे धावून आली. त्या गर्दीत बायकाही होत्या, आणि त्या हातातल्या पर्सांनी मारीत होत्या. हे लिहायला बरे वाटत नाही, पण खरे ते लिहिले पाहिजे.

तरी चार दिवसांनी गाड्या मिसिसिपी राज्यातील जॅक्सनकडे निघाल्या. पहिल्या गाडीत नागपूरचे ते लॉसनही होते. तेथे स्टँडवर उतरल्याबरोबर अटक. एक तुकडी तुरुंगात गेली की दुसरी येई. त्या उन्हाळ्यात एकट्या जॅक्सनमध्ये तीनशेहून जास्त जण पकडले गेले. पार्चमनच्या तुरुंगात ती मुले गाणी म्हणत. गाणी थांबवा, नाहीतर गाद्या काढून घेऊ, असे अधिकाऱ्यांनी धमकावले. मुलांनी गाद्या दिल्या आणि लोखंडी पलंगावर झोपून गाणी चालू ठेवली.

शेवटी २२ सप्टेंबर १९६१ रोजी त्या वाहतूक आयोगाने पक्का हुकूम काढला आणि १ नोव्हेंबरपासून तो लागू झाला. कोणीही कोठेही बसावे, अशी पाटी आता गाडीतच लावावी लागली. स्टँडवरच्या जुन्या पाट्या उतरू लागल्या. जेथे गाडी जळली त्या ॲनिस्टनमध्ये २०१७ साली राष्ट्रीय स्मारक झाले. १९४४ साली आयरीनबाई उठल्या नाहीत, आणि त्यांची जागा खऱ्या अर्थाने त्यांची व्हायला १७ वर्षे लागली.

हे वाचून आपण म्हणू, काय ते लोक! पण नावे ठेवण्याआधी आपले घर पाहावे. पाण्यासाठी आपल्या महाडला काय झाले हे आपण शाळेत शिकलो आहोत. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, आणि त्यासाठी लोकांनी मार खाल्ला. तेथेही ते तळे सर्वांना खुले असल्याचा नगरपालिकेचा ठराव आधीच झालेला होता. म्हणजे ठराव कागदावर आणि तळे बंदच. दोन नळ काय आणि एक तळे काय, दुखणे एकच.

आणि अगदी जवळचे सांगते. दोन-तीन वर्षांपूर्वी मी गाडीने माहेराहून येत होते. शेजारची जागा रिकामी होती. एक म्हातारी डोक्यावरची पाटी सांभाळीत आली. अंगावर मळके लुगडे, पाटीला वास येत होता. तिने विचारले, ‘बाई, बसू का?’ मी पिशवी जागेवर सरकवून म्हटले, ‘इथे माणूस येणार आहे.’ कोणी येणार नव्हते. म्हातारी काही न बोलता मागे गेली आणि पाटीशेजारी खाली बसली. गाडी भरून सुटली, माझ्या शेजारी पिशवीच बसली होती. मला तेव्हा आपण काही वाईट केले असे वाटलेही नाही. आयरीनबाईंची हकीकत वाचताना ती म्हातारी एकाएकी डोळ्यांपुढे उभी राहिली. आपण नेहमी मनाशी धरतो की अशा गोष्टीत आपण आयरीनबाई असू. त्या दिवशी मी ड्रायव्हर होते.

१७ मार्च २०२३ पासून आपल्याला एस. टी.त अर्धे तिकीट झाले. बायका आता जास्त प्रवास करतात, एकट्याही जातात. जागा मिळवण्याची आपली हुशारीही वाढली आहे. पण जागा मिळाली की शेजारी कोण बसते याकडे मन मोकळे ठेवणे, हे कोणत्याही सवलतीत येत नाही. ते आपले आपल्यालाच करावे लागते.

आता शेवटी आयरीनबाईंचे पुढे काय झाले ते सांगते. खटल्यानंतर त्या पुढारी वगैरे झाल्या नाहीत. पहिले पती वारले, दुसरे लग्न झाले, न्यूयॉर्कला राहून लहानसहान धंदे केले, मुले वाढवली. शिक्षण राहून गेले होते ते मनात सलत असावे. एका स्पर्धेत त्यांना शिष्यवृत्ती मिळाली आणि वयाच्या ६८ व्या वर्षी त्या पदवीधर झाल्या. ७३ व्या वर्षी वरची पदवी घेतली. २००१ साली अमेरिकेच्या अध्यक्षांनी त्यांना पदक दिले. १० ऑगस्ट २००७ रोजी, ९० व्या वर्षी, त्या वारल्या. ज्या ग्लॉस्टर भागातून त्यांनी ती बस धरली होती तेथेच.

सातवीनंतर माझी शाळा सुटली. ६८ चा आकडा वाचून मी बोटांवर मोजले, मला अजून वीसहून जास्त वर्षे आहेत! मुलगी हसली आणि दुसऱ्या दिवशी तिने बाहेरून दहावीला बसायचा फॉर्म कोठे मिळतो ते विचारून आणले. तो फॉर्म सध्या देवघरातल्या फळीवर आहे. भरेन की नाही, आताच सांगत नाही.

पुढच्या सहलीला खिडकीसाठी आपण भांडूच. ती गंमत मी सोडणार नाही. पण वाटेत एखादी म्हातारी पाटी घेऊन चढली आणि ‘बसू का?’ म्हणाली, तर आपल्या मंडळाच्या एकाही भगिनीच्या तोंडून ‘इथे माणूस येणार आहे’ हे शब्द निघू नयेत. माणूस आलेलाच असतो. तो समोर उभा असतो.